अधिवासन आणि निर्जंतुकीकरण : पिण्याच्या पाण्यातील सुगंधी द्रव्यांचा इतिहास

१. प्रश्नाचे स्वरूप

उन्हाळा लागला की माठात वाळ्याची जुडी सोडावी, पंगतीच्या पाण्यात मोगऱ्याची चार फुले टाकावीत, हा प्रघात महाराष्ट्रातील घरांतून अद्यापि आढळतो. त्याची परंपरा संस्कृत ग्रंथांच्या आधारे दीड हजार वर्षांहूनही मागे नेता येते. विसाव्या शतकात मात्र या जुन्या प्रघातास एक नवा अर्थ दिला जाऊ लागला. वनस्पतींच्या बाष्पनशील, म्हणजे उघड्यावर उडून जाणाऱ्या सुगंधी तेलांत जंतुनाशक गुण असतो, हे प्रयोगशाळेत सिद्ध झाले आहे. पाण्यात सुगंधी वनस्पती घालाव्यात, असे प्राचीन ग्रंथकारांनी सांगितले आहे. तेव्हा पिण्याचे पाणी निर्जंतुक करण्याची युक्तीच त्यांनी सांगून ठेवली होती, असे अनुमान या दोन विधानांवरून काढण्यात येते. यांपैकी पहिली दोन विधाने खरी आहेत. तिसरे त्यांतून निष्पन्न होते किंवा नाही, हे पाहण्याचा प्रस्तुत निबंधाचा हेतू आहे.

हा वाद केवळ प्राचीनांच्या मोठेपणाचा नव्हे. इतिहासाच्या ग्रंथात एखाद्या शब्दाचा अर्थ चुकला तर पुढील आवृत्तीत तो सुधारता येतो. परंतु सुगंधी पाणी ते शुद्ध पाणी, अशी समजूत एकदा रूढ झाली की तिची किंमत ते पाणी पिणाऱ्यास द्यावी लागते. याकरिता ग्रंथांतील शब्द नेमके कोणते आणि प्रयोगशाळेतील आकडे नेमके काय सांगतात, या दोहोंचा विचार एकत्र करणे अवश्य आहे. आजवर तो बहुधा वेगवेगळा झाला. संस्कृतज्ञांनी आकडे पाहिले नाहीत व रसायनज्ञांनी शब्द पाहिले नाहीत.

२. सुश्रुतसंहितेतील क्रम

या विषयाचा सर्वांत व्यवस्थित उल्लेख सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानात, द्रवद्रव्यांचा विचार करणाऱ्या पंचेचाळिसाव्या अध्यायात येतो. बिघडलेल्या पाण्याचे सहा दोष तेथे सांगितले आहेत : स्पर्श, रूप, रस, गंध, वीर्य व विपाक. पहिले चार इंद्रियांना कळणारे आहेत. पाणी बुळबुळीत लागते, गढूळ दिसते, त्याला नको ती चव अगर वास येतो, हे कोणासही समजते. शेवटचे दोन मात्र पाणी प्याल्यानंतरच्या परिणामावरून ओळखावयाचे आहेत. म्हणजे इंद्रियांना निर्दोष वाटणारे पाणीही अपाय करू शकते, याची जाणीव या वर्गीकरणात आहे. ही गोष्ट पुढील विवेचनात महत्त्वाची ठरेल.

दोष सांगितल्यानंतर उपाय येतात, आणि त्यांचा क्रम लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. प्रथम अग्नीवर पाणी कढविणे. ते न जमल्यास उन्हात तापविणे. तेही न जमल्यास तापलेला लोखंडाचा गोळा, वाळू किंवा मातीचे ढेकूळ पाण्यात विझविणे. त्यानंतर प्रसादन, म्हणजे पाणी नितळ करणे. आणि सर्वांच्या शेवटी नागकेशर, चंपक, उत्पल, पाटला इत्यादी फुलांनी अधिवासन. मराठीत सांगावयाचे तर नागकेशर, सोनचाफा, निळे कमळ व पाडळ यांच्या फुलांचा गंध पाण्यास देणे.

येथे तीन क्रिया आहेत व त्यांना तीन स्वतंत्र शब्द आहेत. कढविण्यास क्वथन, निवळविण्यास प्रसादन आणि गंध देण्यास अधिवासन. ग्रंथकाराने एकाचे काम दुसऱ्यावर सोपविलेले नाही. प्रसादनाची साधने तर त्याने निराळी मोजून दिली आहेत. कतकाचे बी, गोमेद, कमळाचा कंद, शेवाळाचे मूळ, वस्त्र, मोती व मणी अशी ती सात आहेत. या सातांत एकही सुगंधी फूल नाही. पाणी गार करण्याच्या सात युक्तीही पुढे येतात; त्यांतही फुले नाहीत. फुलांचे स्थान एकच, ते अधिवासनात. आणि अधिवासन हे सहा दोषांपैकी गंधदोषाचे उत्तर आहे. कढविलेल्या, निवळविलेल्या पाण्याची अप्रिय चव आणि वास जावा, ते रुचीने पिता यावे, एवढेच त्याचे कार्य.

३. 'वास' या शब्दाचा विस्तार

अधिवासन हा शब्दही सरळ नाही. संस्कृतात राहणे या अर्थाचा एक वास आहे आणि गंध या अर्थाचा दुसरा. अधिवासन या शब्दात दोन्हींचे अर्थ आलेले दिसतात. देवप्रतिष्ठेच्या विधीत मूर्ती पाण्यात व धान्यात ठेवतात, त्यास जलाधिवास, धान्याधिवास म्हणतात. तेथे अर्थ राहण्याचा आहे. पाण्यात फुले ठेवून ती काढून घेणे हेही एका दृष्टीने गंधाला पाण्यात वस्तीस ठेवणेच होय. दोन्ही ठिकाणी मारण्याची, नष्ट करण्याची छटा नाही. काहीतरी आत आणून बसविण्याची आहे. निर्जंतुकीकरणाची कल्पना नेमकी उलट, म्हणजे काहीतरी काढून टाकण्याची आहे. एका शब्दाचे भाषांतर दुसऱ्याने करणे, हे प्रवेशास निर्गमन म्हणण्यासारखे आहे.

गंधशास्त्राच्या ग्रंथांतही हाच अर्थ दिसतो. गंगाधराचा गंधसार व अज्ञात कर्त्याचा गंधवाद या दोन ग्रंथांकडे विद्वानांचे लक्ष वेधण्याचे श्रेय भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराचे परशुराम कृष्ण गोडे यांस आहे. गंधवादावर जुनी मराठी टीका आहे, ही गोष्ट मराठीच्या अभ्यासकांस विशेष मोलाची वाटावी. गंधसारात सुगंधी द्रव्ये सिद्ध करण्याच्या सहा क्रिया सांगितल्या आहेत : भावन, पाचन, बोध, वेध, धूपन आणि वासन. वासन म्हणजे फुलांच्या सान्निध्याने गंध देणे. तेथे हेतू केवळ गंधाचा आहे.

राजदरबारातील पुरावा याहून स्पष्ट आहे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला मानसोल्लास हा ग्रंथ शके १०५१ च्या, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमाराचा. त्यात पाण्याचे प्रकरण आहे, पण ते रोगचिकित्सेच्या भागात नाही. राजाच्या उपभोगांच्या विंशतीत, अन्नभोगाच्या शेजारी, पानीयभोग या नावाने ते येते. कोणत्या ऋतूत कोणते पाणी प्यावे आणि त्यास गंध कसा द्यावा, हा तेथील विषय. सुगंधी पाणी ग्रंथाच्या कोणत्या कप्प्यात ठेवले आहे, यावरूनच त्याचे प्रयोजन उघड होते.

उलटपक्षी, सुगंधी द्रव्ये नेहमी केवळ चैनीसाठीच सांगितली, असेही म्हणता येत नाही. इ. स. च्या सहाव्या शतकातील वराहमिहिराच्या बृहत्संहितेत, भूगर्भातील पाणी शोधण्याच्या दकार्गल नामक अध्यायात, विहिरीत टाकावयाचा एक योग आहे. अंजन, नागरमोथा, उशीर, राजकोशातक, आवळा यांचे चूर्ण व कतकाचे बी, ही त्यातील द्रव्ये. गढूळ, खारट, बेचव व दुर्गंधी पाणी यायोगे स्वच्छ, रुचकर व सुगंधी होते, असे त्याचे फल सांगितले आहे. नागरमोथा व उशीर ही दोन्ही बाष्पनशील तेलाची द्रव्ये आहेत. परंतु फल सांगताना वराहमिहिराने इंद्रियांना कळणारे गुणच सांगितले. रोग टळतो असे येथे त्याने म्हटले नाही. त्याने जे लिहिले नाही ते त्याच्या पदरी बांधणे हा त्याचा गौरव नव्हे.

चरकसंहितेतील षडंगपानीय हे तिसरे उदाहरण. ज्वरातील तहानेसाठी मुस्ता, पर्पट, उशीर, चंदन, उदीच्य व नागर म्हणजे सुंठ या सहा द्रव्यांनी सिद्ध केलेले पाणी तेथे सांगितले आहे. हे पाणी कढवून निववावयाचे असते. येथे औषधाचा हेतू आहे, पण तो रोग्याच्या शरीरासंबंधी; पाण्याच्या शुद्धीसंबंधी नाही. पाणी शुद्ध होते ते अग्नीने.

४. एका नावाची अडचण

या योगांचे आधुनिक परीक्षण करू पाहणाऱ्यास आणखी एक अडचण येते, ती नावांची. उशीर म्हणजे मराठीत ज्यास वाळा म्हणतात ते गवत, याबद्दल मतभेद नाही. परंतु वाळा हे मराठी नाव मात्र संस्कृत वालक या शब्दाशी जुळते, आणि वालक, उदीच्य, ह्रीबेर ही नावे संस्कृत निघंटूंत उशीराची नसून दुसऱ्याच वनस्पतीची आहेत. ती भेंडीच्या कुळातील असून मराठीत तिला काळा वाळा म्हणतात. दक्षिणेत याच नावाखाली तुळशीच्या कुळातील तिसरीच वनस्पती वापरतात. षडंगपानीयात उशीर व उदीच्य दोन्ही एकत्र येत असल्याने ती भिन्न आहेत, हे निर्विवाद. म्हणजे मराठी वाचकाने संस्कृत ग्रंथातील वालक वाचून आपल्या माठातील वाळा समजावा, तर तेल निराळे, रसायने निराळी आणि परीक्षणाचे निष्कर्षही निराळे. गवत, भेंडी व तुळस या तीन कुळांना एका नावाने ओळखले जाते तेथे वनस्पतीची नीट ओळख पटविल्याखेरीज प्राचीन योग सिद्ध झाला किंवा फसला, असे म्हणणे दोन्ही बाजूंनी घाईचे होईल.

याउलट कतकाचे नाव आपला अर्थ स्वतःच सांगते. हिंदीत तिला निर्मली म्हणतात, मराठीत निवळी. बी भांड्याच्या आतील बाजूस उगाळले म्हणजे पाण्यातील गाळ एकत्र येऊन तळाशी बसतो व पाणी निवळते. नाव व कार्य यांचा येथे जो मेळ आहे, तो अधिवासन व निर्जंतुकीकरण यांच्यात नाही.

५. गंधावरून रोग

दुर्गंध हेच रोगाचे कारण, ही कल्पना केवळ भारतीय नव्हती. यूरोपात ती एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत राज्य करीत होती. प्लेगच्या साथींत सुगंधी द्रव्यांचे गोळे नाकाशी धरून लोक हिंडत. लंडनच्या आरोग्यसुधारणेचा अध्वर्यू एडविन चॅडविक याने तर १८४६ साली पार्लमेंटच्या समितीपुढे दुर्गंध म्हणजेच रोग, अशा अर्थाची साक्ष दिली.

आज जंतुविरोधी द्रव्यांस इंग्रजीत जो अँटिसेप्टिक शब्द लावतात, त्याचाही मूळ अर्थ कुजण्यास विरोध करणारे, एवढाच आहे. त्यास प्रायोगिक आशय दिला तो सैन्याचा वैद्य जॉन प्रिंगल याने, १७५० च्या सुमारास. मांसाचे तुकडे निरनिराळ्या द्रव्यांच्या पाण्यात ठेवून कोणता तुकडा उशिरा कुजतो, हे त्याने पाहिले. मिठाशी तुलना करता कापूर कितीतरी पट प्रभावी ठरला. कापूर हे बाष्पनशील तेलाच्याच जातीचे द्रव्य. परंतु प्रिंगलला जंतू ठाऊक नव्हते. त्याचे निरीक्षण कुजण्याचे होते, आणि कुजणे प्रामुख्याने वासावरून कळे. अर्थात प्रिंगलचा अँटिसेप्टिक हा शब्द आधुनिक निर्जंतुकीकरणापेक्षा सुश्रुताच्या गंधदोषनिवारणाला अधिक जवळचा आहे. यूरोपीय शब्दाचा अर्थ मागाहून बदलला, हे इतिहासकार विसरत नाहीत. संस्कृत शब्दाच्या बाबतीतही तीच सावधगिरी हवी.

गंधाची साक्ष किती अविश्वसनीय आहे, हे १८५४ साली लंडनच्या ब्रॉड स्ट्रीटवरील पंपाने दाखविले. जॉन स्नो याने नोंदविलेल्या प्रकरणांत हँपस्टेड येथे राहणाऱ्या एका विधवेचे प्रकरण आहे. तिला त्या पंपाच्या पाण्याची चव आवडे. म्हणून ते दूरवरून मुद्दाम मागविले जाई. तिच्या वस्तीत पटकीची साथ नव्हती, तरी ती पटकीने मरण पावली. जे पाणी चवीला चांगले म्हणून निवडले, तेच मारक निघाले. पुढे १८८४ साली रॉबर्ट कॉख याने कलकत्त्यातील एका तळ्याच्या पाण्यात पटकीचा जंतू दाखविला आणि पाण्याच्या शुद्धतेचा निकष नाक व जीभ यांच्याकडून सूक्ष्मदर्शकाकडे गेला. सुश्रुताने वीर्य व विपाक हे इंद्रियांपलीकडील दोष म्हणून जे बाजूस काढले होते, त्यांच्या जागी आता मोजता येणारे कारण आले.

६. तेले प्रयोगशाळेत

जंतू हाती आल्यावर तेलांची परीक्षा लगेच सुरू झाली. कॉखने १८८१ मध्ये जंतुनाशक द्रव्यांची तुलना केली, तीत टर्पेंटाइनचे तेल होते. १८८७ साली पास्तर यांचा सहकारी शार्ल शांबरलां याने अनेक सुगंधी तेलांचा काळपुळीच्या जंतूवरील परिणाम प्रसिद्ध केला. दालचिनीचे तेल त्यात अग्रभागी होते. १९०३ मध्ये रिडील व वॉकर यांनी विषमज्वराच्या जंतूवर एखादे द्रव्य कार्बोलिक अॅसिडाच्या किती पट प्रभावी आहे, हे मोजण्याची रीत घालून दिली. आणि १९१० मध्ये मार्टिंडेल याने तीच कसोटी सुगंधी तेलांना लावली. थाइम व ओरिगॅनम यांची तेले कार्बोलिकपेक्षा अनेक पट प्रभावी ठरली. या दोहोंचा प्रभाव थायमॉल व कार्व्हाक्रॉल या संयुगांमुळे आहे.

थायमॉलचा भारताशी संबंध निकटचा आहे, कारण ओव्याच्या तेलात त्याचे प्रमाण निम्म्याच्या आसपास असते. तेल थंड होताना जे स्फटिक जमतात, त्यांना बाजारात ओव्याचे फूल म्हणत. पहिल्या महायुद्धापूर्वी येथील ओवा जर्मनीस जाई व तेथून थायमॉल होऊन जगभर विकला जाई. युद्धात तो मार्ग बंद पडल्यावर भारतात थायमॉल काढण्यास चालना मिळाली. कापूर, पुदिन्याचे फूल व ओव्याचे फूल एकत्र केले असता आपोआप पातळ होणारे मिश्रण अमृतधारा या नावाने घरोघरी पोचले, आणि पोटाच्या विकारांवर थेंबाथेंबाने दिले जाऊ लागले. १९२० नंतरच्या दशकात आसनसोलच्या खाणींच्या प्रदेशातील आरोग्याधिकारी टोंब याने लवंग, कायपुटी व ज्युनिपर यांच्या तेलांचे मिश्रण पटकीवर योजिले. ही सर्व उदाहरणे तेल रोग्याच्या पोटात देण्याची आहेत, पाण्यात घालण्याची नाहीत. हा भेद सुटला की अमृतधारेचा पुरावा माठाच्या बाजूने वापरला जातो.

तेलांच्या क्रियेचे स्पष्टीकरणही पुढे मिळाले. ही संयुगे स्निग्ध पदार्थांत विरघळणारी असल्याने ती जंतूच्या पटलात शिरतात. पटल सच्छिद्र होते, आतील आयन व ऊर्जाद्रव्ये बाहेर झिरपतात आणि जंतू मरतो. तथापि पटकी, विषमज्वर व आमांश उत्पन्न करणारे जंतू ग्रॅम-ऋण वर्गातील आहेत. या वर्गास बाहेरून आणखी एक पटल असते व ते स्निग्ध द्रव्यांना सहजी आत येऊ देत नाही. थायमॉल व कार्व्हाक्रॉल ते भेदू शकतात. परंतु सर्वसाधारणपणे हा वर्ग तेलांना अधिक दाद देत नाही. म्हणजे पिण्याच्या पाण्यात ज्या जंतूंची मुख्य भीती, तेच तेलांपुढे अधिक चिवट.

७. माठातील हिशेब

आता मूळ प्रश्नाचा हिशेब मांडता येईल. कार्बोलिक अॅसिड थोड्या मिनिटांत विषमज्वराचा जंतू मारते, ते साधारणतः शंभर भाग पाण्यात एक भाग या प्रमाणात. त्याच्या वीसपट प्रभावी तेल घेतले तरी दोन हजार भागांत एक भाग, म्हणजे लिटरला ५०० मिलिग्रॅम हवे. अलीकडील परीक्षणांत थायमॉल व कार्व्हाक्रॉल यांची आतड्यातील जंतूंची वाढ रोखणारी मात्रा लिटरला काही शे मिलिग्रॅम अशीच येते. थायमॉल पाण्यात लिटरला सुमारे १ ग्रॅम विरघळतो, तेव्हा एवढी मात्रा पाण्यात ठेवणे अशक्य नाही. पण इतके तिखट पाणी कोणी तहानेने पिणार नाही. लिंबाच्या सालीतील लिमोनीन तर लिटरला जेमतेम दहा-पंधरा मिलिग्रॅमच विरघळते. बाकीचे वर तरंगते व उडून जाते.

याच्या शेजारी क्लोरीनचा आकडा ठेवावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शनानुसार अर्ध्या तासाच्या संपर्कानंतर लिटरला ०.५ मिलिग्रॅम मुक्त क्लोरीन शिल्लक असणे पुरेसे मानले जाते. दोहोंत सुमारे हजारपटीचे अंतर आहे. १९०८ साली अमेरिकेतील जर्सी सिटीच्या पाण्यात क्लोरीनचा नित्य वापर सुरू झाला, तेव्हापासून नगरांचा पाणीपुरवठा त्या मार्गाने गेला, याचे कारण या अंतरात आहे. भारतात त्याआधीच, १८९० नंतरच्या दशकात, आग्र्याचा जंतुशास्त्रज्ञ अर्नेस्ट हँकिन याने पटकीच्या साथीत विहिरींत पोटॅशियम परमँगनेट टाकण्याची रीत पुरस्कारिली होती. त्या पाण्याला गंध नव्हता, रंग मात्र गुलाबी होता. आणि निकष त्या रंगाचाही नव्हता, जंतूचा होता.

आता माठाकडे वळावे. वाळ्याच्या मुळांत साधारणपणे शेकडा एक भाग तेल असते असे धरू. दहा लिटरच्या माठात २० ग्रॅमची जुडी सोडली, तर तीत फार तर २०० मिलिग्रॅम तेल आहे. ते सर्वच्या सर्व पाण्यात उतरले, असे मानले तरी लिटरला २० मिलिग्रॅम होते. प्रत्यक्षात ते जड, चिकट व थंड पाण्यात अत्यल्प विरघळणारे असल्याने त्याचा लहानसा अंशच उतरतो. फुलांची स्थिती याहून कठीण. एक किलो गुलाबाचे तेल काढण्यास तीन ते पाच टन फुले लागतात. यावरून पाण्यावर तरंगणाऱ्या मूठभर फुलांतून किती तेल येईल, हे समजावे. नाकाला कळण्यास हे प्रमाण विपुल आहे. जंतूला कळण्यास नाही.

ओव्याचे उदाहरण सर्वांत अनुकूल म्हणून घ्यावे. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम ओवा उकळला व त्यात शेकडा तीन भाग तेल धरले, तर १५० मिलिग्रॅम तेल, म्हणजे सुमारे ७५ मिलिग्रॅम थायमॉल. त्यातीलही काही वाफेबरोबर जाणार. मात्रा अपुरीच राहते. आणि ते पाणी पिण्यास निर्धोक असते ते ओव्यामुळे नव्हे, तर उकळल्यामुळे. श्रेय अग्नीचे, कीर्ती ओव्याची, असा हा प्रकार आहे.

यावरून तेले निरुपयोगी आहेत, असे मात्र ठरत नाही. मुखप्रक्षालनाच्या द्रव्यांत, खाद्यपदार्थ टिकविण्यात, भांड्यांच्या व नळांच्या आतील जंतूंचे थर सुटे करण्यात त्यांचा अभ्यास चालू आहे. तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात टिकवून धरण्याच्या रीतींवरही काम होत आहे. परंतु ही नव्या रसायनशास्त्राची वाट आहे. ती प्राचीन अधिवासनाची पुनरावृत्ती नव्हे.

८. ग्रंथाला न्याय

प्राचीन ग्रंथांवर येथे काही अन्याय होतो काय? वस्तुतः उलट आहे. सुश्रुताच्या यादीतील इतर उपाय आधुनिक कसोटीस लावून पाहावेत. उकळणे आजही घरगुती उपायांत सर्वांत भरवशाचे आहे. सूर्यप्रकाशात पारदर्शक बाटल्यांतून पाणी ठेवून जंतू मारण्याची पद्धत अनेक देशांत वापरली जाते. कतकाच्या बियांची गाळ बसविण्याची क्रिया निर्विवाद आहे. प्रसादनाच्या साधनांतील वस्त्राची गोष्ट तर विशेष बोलकी आहे. बांगलादेशात जुन्या साडीच्या चार घड्यांतून पाणी गाळून पिणाऱ्या गावांत पटकीचे प्रमाण सुमारे ४८ टक्क्यांनी घटले, असे २००३ साली प्रसिद्ध झालेल्या रिटा कोलवेल व सहकाऱ्यांच्या अभ्यासात दिसून आले. पटकीचा जंतू पाण्यातील सूक्ष्म प्राण्यांना चिकटून असतो व ते प्राणी कापडात अडकतात, हे त्याचे कारण. पाणी वाढण्याच्या पात्रांत सुश्रुताने सोने, रुपे, काशाबरोबर तांबेही सांगितले आहे; तांब्याच्या भांड्यात रात्रभर ठेवलेल्या पाण्यातील आतड्याचे जंतू मरतात, असे प्रयोगांत आढळले आहे. म्हणजे ज्या साधनांना ग्रंथाने शुद्धीचे वा निवळण्याचे कार्य दिले, त्यांपैकी बरीच कसोटीस उतरली; जे गंधासाठी दिले ते गंधापुरतेच खरे ठरले. ग्रंथाचे शब्द त्याच्या भाष्यकारांपेक्षा अधिक काटेकोर होते, असाच याचा अर्थ होतो.

निर्जंतुक या शब्दाचा पूर्वेतिहासही येथे उद्बोधक आहे. जैन आचारात निर्जंतुक स्थान म्हणजे जेथे जीव नाहीत असे स्थान. आणि ते शोधावयाचे ते जीवांना इजा होऊ नये म्हणून. पाणीही त्याच हेतूने गाळावयाचे व गाळण्यात राहिलेले जीव पुन्हा त्याच जलाशयात सोडावयाचे. आज निर्जंतुक शब्दात जंतू मारण्याचा अर्थ अपरिहार्य झाला आहे. जीव वाचविण्यासाठी घडलेला शब्द जीव मारण्याच्या क्रियेस लागला, आणि त्यात भाषेचा काही दोष नाही. शब्द असेच प्रवास करतात. परंतु प्रवासाच्या शेवटचा अर्थ आरंभीच्या ग्रंथात वाचणे, हा वाचणाऱ्याचा दोष आहे.

मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायात निवळीचाच एक दृष्टान्त आहे. कतकाचे फळ पाणी स्वच्छ करते हे खरे. पण केवळ त्याचे नाव घेतल्याने पाणी स्वच्छ होत नाही, असा त्याचा आशय. धर्माच्या बाह्य चिन्हांविषयी सांगितलेली ही गोष्ट पाण्याच्या इतिहासासही तशीच लागू पडते. अधिवासनाला निर्जंतुकीकरण हे नाव दिल्याने माठातील एकही जंतू मरत नाही. वाळ्याची जुडी माठात अवश्य सोडावी. ती पाण्याला गंध देते व उन्हाळा सुसह्य करते. मात्र ती सोडण्यापूर्वी पाणी उकळलेले वा क्लोरीनने शुद्ध केलेले असावे. क्वथन आधी, अधिवासन मागाहून, हा सुश्रुतसंहितेचाच क्रम आहे.